जावयाची गाडी आणि दुपारचा पहारा

“मामा, ही गाडी म्हणजे तुमची दुसरी लेकच समजा,” जावईबापू म्हणाले. त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून आपला हात झाकला.

“एक लेक सांभाळून तुमच्या हवाली केली, अभिमन्यूराव,” मी म्हणालो. “आता ही तुमच्या हवाली परत करीन. ओरखडा पडू द्यायचा नाही, शब्द दिला.”

ओट्यावर बसलेली उज्ज्वला पदर तोंडाशी नेऊन हसली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. जावईबापू फौजेत. सुट्टी संपवून ते कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर निघाले होते. तालुक्याला त्यांच्या भाड्याच्या खोलीसमोरून लागोपाठ दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या, तेव्हा बायको आणि गाडी अशा दोन्ही ठेवी ते आमच्या निमगावात ठेवून चालले होते. लाल रंगाची नवीकोरी मोटारसायकल, टाकीवर सोनेरी पट्टा. परत आल्यावर बाळ-बाळंतिणीला हिच्यावरूनच घरी न्यायचं, हे त्या दोघांचं ठरलेलं.

मी जातीचा शिंपी आणि धंद्यानंही. शिवणयंत्राची दोन चाकं सोडली तर दुसरी कुठली दोन चाकं माझ्या हाताखालून गेलेली नव्हती. सायकलसुद्धा येत नाही मला, अजूनही. त्यात आमच्या घराचा उंबरा हा एवढा उंच. गाडी आत घेणं शक्य नव्हतं, म्हणून ती अंगणात निंबाखाली उभी राहिली आणि तिच्या राखणीच्या चिंतेनं आमचं घर खुळं झालं.

आडावर पोहऱ्याला लावलेली साखळी काढून मी गाडीच्या पुढच्या चाकातून ओवली आणि निंबाला बांधली, वर कुलूप. आमच्या मंडळींनी, म्हणजे गोदावरीनं, हँडलला लिंबू-मिरची टांगली आणि देवळातला अंगारा दिव्याला फासला. शेजारचे केरबाअण्णा म्हणाले, “तात्या, गाय बांधा गाडीला. परका माणूस दिसला की हंबरती.” बांधली. गाय हंबरली नाही, रात्रभर बैठक चाटत बसली. सकाळी उज्ज्वला डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “तात्या, गाय सोडा हो.”

मग मी मला येत होतं ते केलं. टेप घेऊन गाडीचं माप घेतलं आणि सप्त्याच्या जुन्या मंडपाचं जाड कापड होतं, त्याचा अंगरखा शिवला. हँडलला बाह्या, पोटाखालून पट्टे आणि पुढून वरपासून खालपर्यंत काजं-बटणं. झाकलेली गाडी काय आहे ते कळू नये, हा हेतू. गोदावरी बघून म्हणाली, “अहो, नवरदेवच दिसतोय. आता मुंडावळ्या तेवढ्या बांधा.”

हसत होतो, पण सगळ्यांना मनातून ठाऊक होतं की ती नुसती गाडी नव्हती. चौकातल्या किराणा दुकानात फोन होता. रविवारी त्याच्यावर जावईबापूंचा फोन यायचा. दुकानात दहा माणसं उभी. त्यांच्यादेखत नवऱ्याशी बोलायचं तरी काय? उज्ज्वला पाठमोरी उभी राहायची.

“गाडी पुसली का?” तिकडून यायचं.

“पुसली.”

“त्रास नाही ना देत काही?”

“नाही. शहाणी आहे.”

“माझी आठवण काढते का?”

“रोज,” असं म्हणून ती फोन ठेवायची आणि कुणाकडं न बघता घरी यायची. मी सोबत असायचो. चार पावलं मुद्दाम मागं राहायचो.

तर अशी ती गाडी. ती गेली असती तर या दोघांनी काय बोलायचं, सांगा.

चैत्रात आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह असतो. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पहिल्या दिवशी देवापुढं वीणा उभी राहिली की सप्ताह संपेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही आणि नामही थांबू द्यायचं नाही. रात्रंदिवस कुणी ना कुणी वीणा गळ्यात घेऊन उभा असतो. आळीपाळीनं माणसं बदलतात. त्या पाळीला पहारा म्हणतात. एक विणेकरी, सोबत एक टाळकरी. आधीचा पुढच्याच्या पाया पडणार, पुढचा आधीच्याच्या, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाणार. मध्ये भुई नाही. पाया पडण्यात लहानमोठं नाही, जातपात नाही. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याचे पाय देवाचे.

आमचं देऊळ घरासमोरच आहे. मध्ये फक्त गल्ली. मला दुपारचा पहारा आवडतो. पंगत उठलेली असते, मंडपात सावली असते, आणि वीणेची तार तापलेल्या हवेत जरा खालच्या सुरात बोलते.

त्या वर्षी, ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या दिवशी, कीर्तनात बुवांनी भारी दृष्टांत लावला होता. म्हणाले, “अरे, माणसाच्या हाताला रिकामं ठेवू नका. टाळ द्या, झाडू द्या, पंगतीत वाढायची बादली द्या. रिकामा हात खिशात जातो. कधी आपल्या, कधी दुसऱ्याच्या!” मंडप हसून हसून पडला. मी ते वाक्य डोक्यात घेऊनच घरी गेलो होतो. कीर्तनातलं मला असंच लागतं. चार दिवस तोंडात खडीसाखर असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत मी वाढत होतो. बुंदीची बादली माझ्याकडं. खांबाशेजारी एक परका पाहुणा बसला होता. तिशीचा असेल. धुवट सदरा, पाठीशी कापडी पिशवी. सप्त्याच्या पंगतीत कुणी कुणाला गाव विचारत नाही. मी ओंजळभर बुंदी वाढली तर म्हणाला, “बास, माऊली.”

“घ्या हो. देवाच्या घरी बास म्हणायचं नसतं.”

खाली मान घालून तो हसला. मग सहज विचारल्यासारखं बोलला, “समोर झाकून ठेवलंय ते काय हो? शिवण लई नामी हाय.”

शिवणीचं कौतुक केलं की शिंपी पाघळतो. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, “जावयाची मोटारसायकल आहे. माप घेऊन शिवलंय.”

अंगरखा शिवला होता गाडी लपवायला आणि मीच असा वाजवून सांगितला.

जेवणं झाली. उद्याच्या काल्याच्या कीर्तनासाठी मोठे महाराज त्या दिवशी गावात येणार होते. त्यांना आणायला सगळा गाव वाजतगाजत वेशीकडं गेला. लेझीम, झेंडे, आरतीची ताटं. गोदावरी गेली. उज्ज्वलाचे पाय सुजले होते, ती घरात पडून राहिली. पहाऱ्याला मी आणि केरबाअण्णा. लेझमीचा आवाज ऐकला आणि अण्णांचे पाय वळवळायला लागले.

“तात्या, एक नजर टाकून आलोच,” म्हणाले, टाळ खांबाला अडकवला आणि गेले. वीज गेलेली होती, त्यामुळं कर्णाही मुका. गल्लीत चिटपाखरू नाही. मी, वीणा आणि देव.

“रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी…”

डोळे मिटले होते. उघडले तर आमच्या अंगणात पंगतीतला पाहुणा उकिडवा बसलेला. गाडीच्या अंगरख्याची बटणं काढत होता. एकेक, सावकाश. काजं मी घट्ट केली होती, त्याला वेळ लागत होता. आधी वाटलं, शिवण बघतोय. मग त्यानं अंगरखा काढला, नीट घडी घातली, ओट्यावर ठेवली. पिशवीतून टॉमी, म्हणजे हातभर लांबीची लोखंडी सळई काढली, कुलपात घातली आणि एक हिसका दिला. कुलूप टचकन उघडं पडलं.

माझ्या तोंडातलं नाम चाललं होतं, पण छातीत निराळाच टाळ वाजत होता. ओरडावं? वेस लांब, वर लेझीम. माझा आवाज ऐकून बाहेर आलं असतं ते एकच माणूस, उज्ज्वला. अवघडलेली पोर समोर, आणि त्याच्या हातात टॉमी. नको. धावत जावं? गळ्यात वीणा. वीणा घेऊन मंडपाबाहेर जायचं नाही आणि ती ठेवायची तर कुठं? अखंड वीणेला खुंटी नसते. माणूस हीच तिची खुंटी. आणि त्या घटकेला साऱ्या गल्लीत माझ्याशिवाय दुसरा एकच माणूस होता.

मी मंडपाच्या कडेला आलो.

“अहो पाहुणे! रामकृष्ण हरी!”

तो दचकला. टॉमी पिशवीत सारली.

“गाडी… गाडी बघत होतो, तात्या.”

“बघा की, सवडीनं बघा. रामकृष्ण हरी. पण आधी माझं एक काम करा. पायताण काढून जरा वर या.”

पळाला असता तर चोर ठरला असता, आला तर पाहुणाच राहणार होता. पिशवी तिथंच ठेवून तो आला. मी त्याला बोलू दिलं नाही. “आमचा टाळकरी गेलाय. मला घरी जाऊन यायचंय. पहारा मोडायला नको. एवढी धरा,” असं म्हणून मी वाकलो आणि त्याच्या पायांना हात लावला.

तो मागं सरला. “अहो तात्या, माझ्या नगा… मी…”

“वीणा घेणाऱ्याच्या पाया पडायचंच असतं. रामकृष्ण हरी.”

खरं सांगतो, यात माझा काही डाव नव्हता. मला माझे हात मोकळे हवे होते, एवढंच. पण तो खाली वाकला, माझ्या पायांवर कपाळ टेकवलं, उठताना भोपळ्याला डोकं लावलं आणि मान अशी अलगद दोरीत घातली, की मी बघतच राहिलो. नवखा माणूस वीणा घेताना चाचपडतो. याचं बोट न बघता तारेवर गेलं.

“रामकृष्ण हरी,” तो म्हणाला. आवाज फाटका होता, पण ठिकाणावर होता.

मी गल्ली ओलांडली. जाताना मागं वळून पाहिलं. त्याची नजर आधी रस्त्याकडं गेली, मग पिशवीकडं. मग खाली जमिनीकडं गेली आणि तिथून वीणेवर आली. मला कळलं की हा कुठंही जाणार नाही. ती खाली ठेवता येत नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

आता गाडी आत घ्यायची. मी चाकातली साखळी ओढून काढली, स्टँड कसाबसा काढला, हँडल धरलं आणि रेटलं. गाडी हलेना. पुन्हा जोर लावला, ती माझ्याच अंगावर झुकली. ती माझ्या कमरेवर, मी निंबावर. ना पुढं, ना मागं.

तेवढ्यात देवळातून आवाज आला. “रामकृष्ण हरी, तात्या, गियरमधी हाय ती! रामकृष्ण हरी!”

“म्हणजे काय करू?”

“डाव्या पायापाशी दांडी हाय, रामकृष्ण हरी, ती पायानं वर उचला. रामकृष्ण हरी. वर, वर! थोडकी. आता बगा ढकलून.”

गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी निघाली. निघाली ती थेट उंबऱ्याला जाऊन धडकली.

“असं न्हाई व्हायचं. रामकृष्ण हरी. घरात पाट हाय का, जेवायचा? उंबऱ्याला तिरका लावा. रामकृष्ण हरी. आन् मागनं रेटू नका, हँडल धरून बाजूनं चला. म्हशीला नेत्यात तसं.”

म्हशीला नेतात तसं, हे मला उमगलं. पाट लावला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि जावयाची गाडी माझ्या शिवणयंत्रापाशी येऊन उभी राहिली. आवाजानं उज्ज्वला उठून आली.

“तात्या, हे काय? आणि तुमचा पहारा?”

“आहे की चालू. ऐक.”

तिनं दारातून कान दिला. “कोण आहे? आवाजात माया आहे.”

“पाहुणे आहेत. तू पड जा.”

साखळी गोळा केली, घरातल्या पेटीचं कुलूप काढून आणलं. दाराशी आलो तर समोरून पुन्हा सुरू. “चाकातनं नगा ओवू, तात्या. चाक सोडून ठिवत्यात आन् गाडी उचलून नेत्यात. रामकृष्ण हरी. सांगाड्यातनं घाला, बैठकीखालनं. खिडकीच्या गजाला बांधा. कुलूप अधांतरी राहू द्या. भुईला टेकलं की घाव बसतो. रामकृष्ण हरी.”

त्यानं सांगितलं तसं केलं. दार ओढून बाहेर आलो, तर वेशीकडून दिंडी गल्लीत शिरली होती.

मी पळत मंडपात गेलो. “द्या आता,” मी म्हणालो. पण तेवढी सवडच मिळाली नाही. लेझीम थांबली आणि माणसं आत यायला लागली. आत येणारा प्रत्येक जण आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, ही रीत. तो कोण, कुठला, हे कुणी विचारलं नाही. सरपंच वाकले. माझी गोदावरी आरतीचं ताट सांभाळत वाकली. म्हातारेकोतारे वाकले. तो वीणा सावरत प्रत्येकाला परत वाकून नमस्कार करत होता आणि तोंडानं नाम घेत होता. मग महाराज आले. ऐंशीच्या घरातले. दोघांनी दंडाला धरलेलं. त्यांनी ते हात बाजूला केले, गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

त्याचा आवाज तिथंच तुटला. ओठ हलत होते, नाम फुटत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी थेट भोपळ्यावर.

नाम थांबायला नको होतं. मी खांबावरचा टाळ काढला, त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि मोठ्यानं उचललं, “रामकृष्ण हरी!” मंडपानं धरलं. थोड्या वेळानं त्याचाही आवाज आत मिसळला.

केरबाअण्णा घाम पुसत आले. “तात्या, हे कोण म्हणायचं?”

“पाहुणे आहेत. तुमची जागा भरून काढायला मी टाळ घेतला, माझी त्यांनी.”

“आरं वा! पाहुणं, कुठलं गाव म्हणायचं?”

“पहारा संपू दे अण्णा, मग विचारा,” मी म्हणालो.

पहारा संपला, पुढच्या माणसानं वीणा घेतली. आम्ही दोघं पायरीवर बसलो. गोदावरीनं दोन पेले गुळाचं पाणी आणून दिलं. त्यानं ते धरून ठेवलं, प्याला नाही.

“वडील वीणा धरायचे आमचे,” तो म्हणाला. “मला दोरी लांब व्हायची. गाठ मारून द्यायचे.”

मी माझ्या पेल्यातलं पाणी प्यालो.

“तात्या, तुमी बगितलं हुतं. कुलूप तोडताना.”

“बघितलं.”

“मग माझ्या हातात कशी काय दिली?”

“दुसरं होतंच कोण इथं?”

त्यानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. उठला. पिशवी आमच्या ओट्यापाशी होती, मी ती दाखवली. तो म्हणाला, “असू द्या तितंच,” आणि रिकाम्या हातानं गेला. केरबाअण्णांना गाव विचारायचं राहूनच गेलं. पिशवीतली टॉमी अजून आमच्याकडं आहे. वाऱ्यानं खिडकी आपटते, तिला टेकू म्हणून लावतो. कुठून आली, हे गोदावरीनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

उज्ज्वलाला मुलगी झाली. जावईबापू सुट्टीवर आले. आधी लेकीला बघितलं, मग गाडीला. गुडघ्यावर बसून साखळी न्याहाळत म्हणाले, “मामा, ही बांधणी कुणाची? आमच्या युनिटमध्येसुद्धा अशी बांधत नाहीत.”

“आमच्या पहाऱ्यातला एक जण आहे. जाणकार आहे त्यातला,” मी म्हणालो. उज्ज्वला बाळाला घेऊन त्या लाल गाडीवर मागं बसली, आणि गल्लीच्या वळणापर्यंत मी त्यांना बघत राहिलो. शब्द पुरा झाला होता.

पुढच्या वर्षीच्या सप्त्यात मी वाट पाहिली. तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बुंदी वाढताना खांबाशेजारी नजर जायची, तिथं दुसरंच कुणी असायचं. नंतर नंतर मी बघायचं सोडून दिलं.

मग एका सप्त्यात, पंगत उठल्यावर, आमच्या दारात एक मोटारसायकल येऊन थांबली. जुनीच, पण पुसलेली. वरच्या माणसाचे कानांवरचे केस पिकले होते. मी आधी ओळखलं नाही. त्यानं पायताण काढलं, पाया पडला, तेव्हा ओळखलं.

“दुपारचा पहारा कुणाचा हाय, तात्या?”

“माझाच. पण गुडघे बोलतात आता.”

“मग मी उभा राहतो.”

मी गाडीकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते त्याला दिसलं असावं, कारण तो मोठ्यानं हसला. “कागदांसकट घेतलीय, तात्या. माझ्या नावावर हाय.”

“मग कुलूप लावा की.”

“नगं,” तो म्हणाला. खिशातून किल्ली काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून आपला हात झाकला. “पहारा हुईपर्यंत जरा ध्यान असू द्या. गावात सप्ताह हाय. कसली कसली माणसं येत्यात!”

मी ओट्यावर बसलो. हातशिलाईचं काम मांडीवर होतं, त्यात सुई खोचून ठेवली. ती सारी दुपार गाडीवरून नजर काढली नाही. एकदाच काढली. समोर त्यानं वाकून वीणा गळ्यात घेतली, तेव्हा.